माळढोक आणि विजेची किंमत

सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. बालपणीच आईवडिलांचे छत्र हरपले. मामांनी त्यांना वाढविले. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली, गळ्यावर पिवळा ठिपका असलेली चिमणी कोणत्या जातीची, हे विचारण्यासाठी ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि आयुष्याची दिशा ठरली. विद्यापीठाची पदवी नसल्याने सरकारी पक्षिशास्त्रज्ञाचे पद त्यांना मिळाले नाही. तरीही बर्लिनमध्ये अभ्यास करून त्यांनी अनेक संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी केली. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील आणि १९४५ साली कच्छच्या पक्ष्यांवरील त्यांचे ग्रंथ प्रसिद्ध झाले.

राष्ट्रीय पक्षी म्हणून त्यांची पसंती माळढोकास होती. १९६३ साली तो मान मोराला मिळाला. माळढोकाची मादी उघड्या माळावर, जमिनीवरच, बहुधा एकच अंडे घालते. त्यामुळे झालेली हानी भरून येण्यास फार काळ लागतो. सोलापूरजवळ नान्नज येथे १९७९ साली या पक्ष्यासाठी अभयारण्य झाले.

सायलेंट व्हॅलीतील जलविद्युत प्रकल्पासही सलीम अलींनी विरोध केला. १९८३ साली तो रद्द झाला. २० जून १९८७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर कच्छ व थरच्या माळांवर पवनचक्क्या, सौर प्रकल्प आणि उच्च दाबाच्या तारा आल्या. जड शरीराच्या माळढोकास समोरचे नीट दिसत नाही. तारा जवळ आल्यावर त्याला वळता येत नाही. माळढोकांची संख्या सुमारे दीडशेवर आली असताना, थरमध्ये तारांमुळे वर्षाला सुमारे १८ माळढोक मरत असावेत, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज होता. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तारा भूमिगत करण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये तो शिथिल करून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपविला.

कोळशाला पर्याय हवा, याविषयी दुमत नाही. परंतु भूमिगत तारांचा खर्च प्रकल्पाच्या हिशेबात दिसतो, मेलेला पक्षी कोणाच्याच हिशेबात दिसत नाही. ज्या माळाला सरकारी दप्तर पडीक म्हणते, तेथे कोण नांदते याची नोंद सलीम अलींनी जन्मभर केली. ती नोंद विजेच्या किमतीत धरली नाही, तर स्वस्त विजेचे मोल माळढोकालाच चुकवावे लागेल.