पंडिता रमाबाई : बुद्धी व अंतःकरण एका जुवाखाली

आमच्या भोकर तालुक्यात पाऊस गेला, कापूस वाळला, कर्ज डोईवर राहिले, आणि एखाद्या घरच्या कर्त्या पुरुषाने निराशेच्या भरात आपल्याच हाताने आपल्या जीवनाचा शेवट केला, असे प्रसंग दुर्दैवाने नवे राहिले नाहीत. मागे तरुण विधवा व लेकरे उरतात. मग मंडळीचे पंच एकत्र बसतात. कोणी म्हणतो, निधीत किती आहे ते आधी पाहा. कोणी म्हणतो, आकडे काय पाहता, लेकरे उपाशी आहेत. आम्ही अशा बैठकीस बसलो आहो. एकदा आम्ही नुसती वही पाहून बोललो, आणि घरी आल्यावर आम्हांस झोप आली नाही. दुसऱ्या एका प्रसंगी कळवळ्याच्या भरात मंडळीने एकाच दिवशी सर्व काही देऊन टाकिले, आणि दोन महिन्यांनी त्या बाईची विचारपूस करावयास कोणीही उरला नाही. दोन्ही वेळा आम्ही चुकलो. तेव्हापासून हा प्रश्न आमच्या मनात घोळत आहे की, योग्य काय ते ठरविताना मनुष्याने बुद्धीचे ऐकावे की अंतःकरणाचे?

ह्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस एका बाईच्या चरित्रात सापडले. त्यांचे नाव वाचकांच्या घरोघरी ठाऊक आहे, परंतु त्यांचे चरित्र ह्या दृष्टीने फारसे कोणी पाहत नाही, म्हणून ते येथे थोडक्यात सांगतो.

रमाबाईंचा जन्म तारीख 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान ब्राह्मण. स्त्रियांस संस्कृत शिकवू नये अशी त्या काळची रूढी असता, त्यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविले. ह्याबद्दल त्यांस आपल्या जातीच्या विद्वानांपुढे उत्तर द्यावे लागले, आणि त्यांनी ते शास्त्राधारे दिले. रमाबाईंस पुढे आईनेच शिकविले. दिवसभराच्या कामातून वेळ मिळेना, म्हणून ती माउली पहाटे काळोखात मुलीस जागी करून तिच्याकडून पाठ म्हणवून घेई. अशा रीतीने भागवताचे हजारो श्लोक त्या मुलीस मुखोद्गत झाले. रमाबाईंची विद्या अशी आईच्या मायेतून आली. बुद्धी व प्रेम ही त्यांच्या घरी प्रथमपासूनच एकत्र नांदत होती.

पुढे घरची संपत्ती गेली. सर्व कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी पायी फिरू लागले. 1874 पासून दक्षिणेत दुष्काळाची वर्षे आली. भीक मागणे ह्या मानी कुटुंबास ठाऊक नव्हते आणि मजुरीची सवय नव्हती. उपासमारीने प्रथम वडील वारले, मग थोड्याच आठवड्यांत आई, आणि पुढे काही महिन्यांनी वडील बहीण. आईचे प्रेत उचलावयास चार खांदेकरीही मिळेनात. अखेर दोन ब्राह्मणांस दया आली. तिसरा बंधू श्रीनिवास, आणि चौथी खांदेकरी सोळा-सतरा वर्षांची रमा झाली. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे वीस वर्षांनी हीच व्यथा त्यांच्या हातून फार मोठे कार्य करून घेणार होती.

त्या वेळी मात्र ह्या दुःखातून प्रथम विचार जागा झाला. शास्त्रांनी सांगितलेली व्रते, दाने, उपवास सर्व केले असता देव का ऐकत नाहीत, असा प्रश्न बहीणभावांच्या मनात उभा राहिला. दोघे पायी भटकत 1878 मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेतली, आणि त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. धर्मशास्त्रांचा अभ्यास करिता त्यांस असे दिसून आले की, इतर बाबतीत ग्रंथाग्रंथांत कितीही मतभेद असोत, स्त्रियांस हीन लेखण्याच्या बाबतीत बहुतेकांचे एकमत आहे. त्यांचा जुना विश्वास ढळला तो आधी दुःखाने, आणि मग विचाराने.

1880 मध्ये बंधू वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी नावाच्या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. तो जातीबाहेरचा व प्रांताबाहेरचा असल्याने फार गाजला. एक कन्या झाली, तिचे नाव मनोरमा. परंतु विवाहास दोन वर्षे होण्यापूर्वीच, फेब्रुवारी 1882 मध्ये, पतीस पटकी होऊन तो वारला. चोवीस वर्षे पुरी होण्याआधीच ही बाई आईबाप, बहीण, भाऊ व पती इतक्या सर्वांस मुकली होती.

नुसत्या भावनेवर चालणारे मन येथे खचून गेले असते. बाईंनी काय केले? त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, स्त्रीधर्मनीति नावाचे पुस्तक लिहिले, आणि हंटरसाहेबांच्या शिक्षण कमिशनापुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टर तयार कराव्यात असे सांगितले. स्वतःच्या वैधव्याचे दुःख त्यांनी इतर स्त्रियांच्या प्रश्नाशी जोडिले, आणि त्या प्रश्नावर उपाय काय ह्याचा शांतपणे विचार केला.

1883 मध्ये त्या इंग्लंडास गेल्या व वाँटेज येथील धर्मभगिनींच्या मठात राहिल्या. त्या भगिनींचे काम पाहावयास त्या लंडनजवळील फुलम येथे गेल्या. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांस तेथे ममतेने वागवीत, आणि पुन्हा सरळ मार्गास लावीत. पतित स्त्रीवर कोणी अशी दया करावी, हे बाईंस अगदी नवे होते. त्यांनी कारण विचारले, तेव्हा त्यांस विहिरीवरील शमरोनी स्त्रीची गोष्ट दाखविण्यात आली. त्यांचे अंतःकरण हलले. परंतु अंतःकरण हलले एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. पंडित नीलकंठशास्त्री, म्हणजे नेहेम्या गोरे, ह्यांच्या पत्रांतील प्रमाणे त्यांनी तपासून पाहिली, आणि बुद्धीची खात्री झाल्यावर तारीख 29 सप्टेंबर 1883 रोजी आपल्या कन्येसह बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी विचार करणे सोडले नाही. त्रैक्याच्या सिद्धान्तावर, मंडळीच्या अधिकारावर, त्यांनी आपल्या गुरुभगिनींशी व चेल्टनहॅमच्या विद्यालयातील मुख्य बाईंशी पत्रोपत्री वाद केला. जे स्वतःस पटले नाही ते केवळ वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरून कबूल करावयाचे नाही, असा त्यांचा बाणा होता. कित्येकांस हा अहंकार वाटला. आम्हांस तो प्रामाणिकपणा वाटतो.

तथापि ह्या कथेचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. पुढे बाईंनी स्वतःच लिहून ठेविले आहे की, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे आपणांस ख्रिस्ती धर्म ठाऊक होता, पण ख्रिस्त ठाऊक नव्हता. सिद्धान्त सर्व पटले होते, आणि जिवाला शांती नव्हती. 1891 च्या सुमारास हॅसलम नावाच्या एका इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त वाचीत असता त्यांस आपली उणीव कळली. बुद्धीने दाराशी आणून सोडले होते, परंतु आत पाऊल टाकावयाचे राहिले होते. त्यांनी आपले सर्व ओझे प्रभूवर टाकिले, आणि तेव्हापासून त्यांच्या कार्यास निराळाच ओलावा आला.

कार्याचा आरंभ मात्र त्यापूर्वीच झाला होता. अमेरिकेत तीन वर्षांच्या आत त्यांनी हिंदी विधवांची स्थिती सांगणारा ग्रंथ लिहिला, व्याख्याने दिली, आणि 1887 मध्ये बोस्टन येथे एक साहाय्यक मंडळ स्थापून दहा वर्षांच्या मदतीचे वचन मिळविले. तारीख 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास आणिले. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. तीच पुढे धोंडो केशव कर्वे ह्यांची पत्नी झाली. बाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे, आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. ह्यावरून 1893 मध्ये मोठे वादळ झाले. रानडे, भांडारकर ह्यांसारखे सल्लागार दूर झाले, आणि पालकांनी वीसांहून अधिक मुली काढून नेल्या. बाईंनी दार लाविले नाही, आणि शाळाही मोडली नाही.

मग 1896 चे दुष्काळवर्ष आले. मध्य प्रांतात माणसे मरत आहेत, अनाथ मुली दुष्टांच्या हाती पडत आहेत, अशा बातम्या आल्या. हिशेब पाहावा तर अमेरिकेच्या मदतीची मुदत संपत आलेली. विचार म्हणत होता, हे आपल्या शक्तीबाहेरचे आहे. परंतु वीस वर्षांपूर्वी ज्या खांद्याने आईचे प्रेत वाहिले होते तो खांदा ही गोष्ट विसरला नव्हता. बाई निघाल्या, दुष्काळी मुलखात हिंडल्या, आणि हळूहळू सुमारे 300 मुली व स्त्रिया घेऊन आल्या.

आणि आता पाहा, कळवळ्याने जे आरंभिले ते बुद्धीने कसे तडीस नेले. पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव येथे त्यांनी पूर्वीच सुमारे शंभर एकर जमीन घेऊन फळबाग लाविली होती. परदेशची मदत बंद झाल्यावर सदनास उत्पन्न असावे, हा त्यांतील हेतू. पुण्यात प्लेग होऊन इतक्या मुली ठेवण्यास मनाई होताच, तीच जमीन उपयोगी पडली. तेथे मुक्ती सदन उभे राहिले. विहिरी खणल्या, आणि शेती, विणकाम, तेलाचा घाणा, दुग्धालय व छापखाना सुरू झाला. मुली भिक्षेवर जगू नयेत, हाताच्या कामावर उभ्या राहाव्यात, असा तो बेत होता. फसविलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले, आणि आंधळ्या स्त्रियांस मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकवू लागल्या. 1900 मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा तिकडूनही मुली आणिल्या, आणि केडगावची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

1905 च्या जून महिन्यात मुक्ती सदनात मोठे आत्मिक जागरण झाले. मुली पापाबद्दल रडू लागल्या, आणि मग आनंदाने गाऊ लागल्या. कित्येकांनी हा केवळ भावनेचा पूर आहे अशी टीका केली. बाईंनी ते अश्रू दडपले नाहीत, तसेच ते वायाही जाऊ दिले नाहीत. प्रार्थना करणाऱ्या मुलींच्या टोळ्या करून त्यांस आसपासच्या खेड्यांत सुवार्तेसाठी पाठविले. पुराचे पाणी असे पाटांत घातले म्हणजेच शेते पिकतात.

पुढे 1912 च्या सुमारास त्यांनी गुलबर्गा येथे शाळा काढिली, व ती मनोरमाबाईंकडे सोपविली. तेव्हा गुलबर्गा व आमचे भोकर दोन्ही एकाच निजामी राज्यात होती, म्हणजे ह्या कार्याची एक शाखा आमच्याच मुलखाच्या अंगणात आली होती. उतारवयात इब्री व ग्रीक भाषा शिकून त्यांनी सर्व पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. संस्कृताची एवढी पंडिता, परंतु खेड्यातील अशिक्षित बाईस समजावे म्हणून मुद्दाम साधे मराठी लिहिले. ह्या एका कामातही विद्या व कळवळा ही दोन्ही दिसतात. 24 जुलै 1921 रोजी मनोरमाबाई वारल्या. वृद्ध आईने ते दुःखही सोसले, भाषांतर शेवटास नेले, आणि तारीख 5 एप्रिल 1922 रोजी केडगाव येथे देह ठेविला.

प्रिय वाचकहो, आपण शेतकरी माणसे आहो. एकाच बैलाने औत नीट चालत नाही, हे आपणांस कोणी शिकविण्याची गरज नाही. एक बैल ओढीत असता दुसरा बसला, तर तास वाकडे जाते. बुद्धी ही परीक्षा करिते, मार्ग व साधन दाखविते, परंतु पाऊल उचलावयास लावीत नाही. अंतःकरण पाऊल उचलविते, परंतु वाट पाहत नाही व लवकर थकते. रमाबाईंची बुद्धी पुष्कळांपेक्षा थोर होती, तरी ती एकटी त्यांस शांती देऊ शकली नाही. त्यांचे दुःख पुष्कळांपेक्षा मोठे होते, तरी त्यांनी त्यास एकट्याने वाट दाखवू दिली नाही. दोन्ही प्रभूच्या जुवाखाली आली, तेव्हा ती बाई हजारोंची आई झाली. ज्यास आपण ख्रिस्ती मनुष्याची प्रौढता म्हणतो, ती आमच्या मते हीच होय. वय वाढले, डोके थंड झाले, आणि कोणाचे दुःख पाहून काही वाटेनासे झाले, तर ती प्रौढता नव्हे. ते केवळ वाळणे होय.

तेव्हा पुढल्या वेळी मंडळीची बैठक भरेल, आणि एखाद्या दुःखी भगिनीचा प्रश्न पुढे येईल, तेव्हा पंचांनी वही उघडण्यापूर्वी तिच्या घरी जाऊन यावे, लेकरांस जवळ घ्यावे, तिच्याबरोबर प्रार्थना करावी. आणि तेथून परतल्यावर मग वही अवश्य उघडावी, आणि आज काय, पेरणीच्या वेळी काय, पुढल्या वर्षी लेकरांच्या शाळेचे काय, हे सर्व नीट लिहून ठेवावे, आणि कोणत्या महिन्यात कोणी तिची विचारपूस करावयाची तेही नाव घालून ठरवावे. आम्ही स्वतः ह्यापुढे तसे करण्याचा निश्चय केला आहे. आमचा प्रभू दुःखितांस पाहून कळवळला, आणि जेवण वाढण्यापूर्वी त्याने लोकांस ओळीने बसविले, हे आपण विसरू नये.