शिखराचे ओझे वाहणारा फाल्को

मार्च १९८६ मध्ये अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ यादीत जर्मन भाषेतील एक गाणे प्रथमच पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि तीन आठवडे तेथे टिकले. ‘रॉक मी अमाडेउस’ हे ते गाणे. त्याचा गायक फाल्को मात्र या बातमीने हरखून गेला नाही. याची पुनरावृत्ती आपल्याला कधीच करता येणार नाही, या विचाराने तो खचल्याचे त्याच्या निकटवर्तीयांनी पुढे सांगितले.

योहान हॉल्त्सेल हे त्याचे मूळ नाव. १९ फेब्रुवारी १९५७ रोजी व्हिएन्ना येथे त्याचा जन्म झाला. आईच्या उदरातील तिळ्यांपैकी तो एकटाच वाचला. संगीताचे औपचारिक शिक्षण अर्धवट सोडून त्याने बास गिटार हाती घेतली. ‘फाल्को’ हे नाव त्याने घेतले ते पूर्व जर्मनीच्या फाल्को वाइसफ्लोग या स्की-उडीपटूवरून. ‘ड्राडिवाबेर्ल’ या व्हिएन्नातील बंडखोर वाद्यवृंदात उमेदवारी केल्यानंतर १९८१ मध्ये त्याचे ‘डेर कोमिसार’ आले. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरील रॅपची लय, जर्मन शब्द आणि खास व्हिएन्नी तोरा यांचे हे मिश्रण युरोपभर गाजले.

यशाची ही पहिली लाट लवकरच ओसरली. १९८४ च्या ‘युंगे रोमर’ या अल्बमला ऑस्ट्रियाबाहेर फारसे कोणी विचारले नाही. त्याच वर्षी मिलोश फोरमन यांच्या ‘अमाडेउस’ चित्रपटाने मोझार्टला नव्याने चर्चेत आणले. नेदरलँड्सच्या बोलँड बंधूंच्या साथीने फाल्कोने हा धागा पकडला आणि कर्जबाजारी, मद्यप्रिय मोझार्टला त्याच्या काळातील रॉकस्टार म्हणून उभे केले. ब्रिटनमध्येही हे गाणे अव्वल ठरले. पाठोपाठ आलेल्या ‘जीनी’ने वादळ उठवले. तरुणीच्या अपहरणकर्त्याच्या मनातून उलगडणारे हे गाणे वाजविण्यास जर्मनीतील अनेक नभोवाणी केंद्रांनी नकार दिला. तरीही ते तेथे पहिल्या क्रमांकावर गेले.

त्यानंतर उतार सुरू झाला. अमेरिकेत ते यश पुन्हा लाभले नाही. १९९० चा ‘डाटा द ग्रूव्ह’ सपशेल अपयशी ठरला. मद्य आणि कोकेनची सोबत वाढत गेली. १९९२ च्या ‘नाख्टफ्लूग’ने मायदेशी दिलासा दिला, पण प्रत्येक नव्या गाण्याची तुलना ‘अमाडेउस’शी होणे काही थांबले नाही. अखेर १९९६ मध्ये त्याने डोमिनिकन प्रजासत्ताकाची वाट धरली. तेथेच ६ फेब्रुवारी १९९८ रोजी पुएर्तो प्लाताजवळ त्याची मोटार व एका बसची धडक झाली आणि एक्केचाळिसावा वाढदिवस तेरा दिवसांवर असताना त्याचा अंत झाला.

मृत्यूनंतर काही आठवड्यांतच प्रकाशित झालेला ‘आउट ऑफ द डार्क’ हा त्याचा अल्बम ऑस्ट्रियात पहिल्या क्रमांकावर पोहोचला. ज्या पुनरागमनासाठी तो धडपडत होता, ते त्याला पाहता आले नाही. बेथोव्हेन आणि शूबर्ट जेथे विसावले आहेत, त्याच व्हिएन्नाच्या मध्यवर्ती दफनभूमीत फाल्कोचीही समाधी आहे.