बातमीमागे धावणारा वाचक ओळखणारे 'संदेश'कार

एखादी मोठी घटना घडली, की हिंगोली जिल्ह्यातील पुसेगावातही मोबाईलवर तिचा शोध सुरू होतो आणि वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर वाचकांची गर्दी उसळते. घटना शिळी झाली, की तीच गर्दी ओसरते. वाचकाचा हा स्वभाव मराठी पत्रसृष्टीत फार लवकर ओळखला तो अच्युत बळवंत कोल्हटकर यांनी.

१ ऑगस्ट १८७९ रोजी वाई येथे जन्मलेले अच्युतराव कायद्याची पदवी घेऊनही वकिलीत रमले नाहीत. नागपूरच्या 'देशसेवक'मधील जहाल लेखनाने त्यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंग दाखविला. पुढे १९१५ मध्ये त्यांनी मुंबईत दैनिक 'संदेश' काढले. पहिले महायुद्ध पेटले होते. ताज्या वृत्ताची भूक वाढली होती. मराठी पत्रे तेव्हा प्रामुख्याने अग्रलेखासाठी वाचली जात. अच्युतरावांनी बातमीलाच मानाचे पान दिले. चटकदार मथळा आणि प्रसंग डोळ्यांसमोर उभा करणारे वर्णन, ही त्यांची हत्यारे.

पण रणांगणावरून रोज काही रोमहर्षक वार्ता येत नसे. अशा दिवशी वाचकाने अंक का घ्यावा? 'वत्सलावहिनींची पत्रे' हे सदर त्यासाठी उपयोगी पडले. घरगुती बोलीतील या पत्रांमुळे दैनिक माजघरापर्यंत पोहोचले. ही पत्रे लिहिणाऱ्या वहिनी म्हणजे खुद्द संपादकच!

विद्वानांनी त्यांच्यावर उथळपणाचा ठपका ठेवला. तो सर्वस्वी निराधार नव्हता. 'संदेश'लाही दीर्घायुष्य लाभले नाही. अच्युतरावांनी त्यानंतरही 'चाबूक'सारखी पत्रे काढून पाहिली. १५ जून १९३१ रोजी त्यांचे निधन झाले.