कवी कोलरिज आणि वेदनाशामकाची सवय

तुम्ही किंवा तुमच्या घरातील कोणी दीर्घकाळ ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फिन घेत असाल, तर इंग्रज कवी सॅम्युअल टेलर कोलरिज (१७७२–१८३४) यांची ही हकिगत जरूर वाचा.

कोलरिज यांना तरुणपणापासून संधिवाताचा त्रास होता. त्या काळी लॉडनम, म्हणजे मद्यार्कात विरघळवलेली अफू, दुकानात सहज मिळे. दुखणे थांबवण्यासाठी ते ती घेऊ लागले. शरीराला सवय झाली, मात्रा वाढत गेली. औषध बंद केले की घाम, पोटात कळा, निद्रानाश सुरू होई. ही लक्षणे औषध तुटल्याची असतात, कमकुवत मनाची नव्हेत. कोलरिज मात्र स्वतःलाच दोष देत राहिले.

एप्रिल १८१६ मध्ये ते लंडनजवळच्या हायगेट येथे डॉ. जेम्स गिलमन यांच्या घरी राहायला गेले. महिनाभरासाठी गेलेले कोलरिज मृत्यूपर्यंत, १८ वर्षे तिथेच राहिले. गिलमन मात्रा मोजून देत. कोलरिज अधूनमधून चोरून जास्तीची अफू मागवत, तरी गिलमन कुटुंबाने त्यांना अंतर दिले नाही. अफू पूर्ण सुटली नाही, पण बरीच आटोक्यात आली. व्याख्याने, लेखन चालू राहिले.

म्हणून गोळ्या एकाएकी बंद करू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करा. जास्तीची घेतलेली गोळी, दारू, झोपेचे औषध यांबद्दल डॉक्टरांना खरे सांगा, कारण यांमुळे श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. घरच्यांनो, रागावू नका. रुग्णाला खरे बोलता येईल असे वागा.