डॉक्टर होता होता राहिलेला प्रशिक्षक

वॉल्टर कॅम्प (१८५९-१९२५) यांनी अमेरिकेतील येल विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण घ्यायला सुरुवात केली खरी, पण ते अर्धवट सोडले. रक्त पाहवत नसे, असे कारण सांगितले जाते. पुढे त्यांनी घड्याळांच्या कारखान्यात नोकरी धरली आणि नाव कमावले ते अमेरिकी फुटबॉलमध्ये. चेंडू हातात धरून धावायचा आणि धावणाऱ्याला अंगावर पडून अडवायचे, असा हा खेळ. त्याला रग्बीपासून वेगळे करणारे नियम मुख्यतः कॅम्प यांचेच. १८८८ ते १८९२ या काळात त्यांच्या मार्गदर्शनाखाली येलने ६७ सामने जिंकले आणि फक्त २ गमावले. दिवसा ते कारखान्यात असत. सराव पाहायला पत्नी ॲलिस जात आणि संध्याकाळी कोण कसा खेळला ते सांगत.

त्यांच्या १८८२ च्या नियमानुसार ३ प्रयत्नांत ५ यार्ड पुढे सरकावे लागे. अंतर थोडे, म्हणून संघ घोळका करून एकाच जागी मुसंडी मारू लागले. अनेकांचा धावता भार एकावर कोसळे आणि डोक्याला संरक्षण जवळपास नसे. टीका वाढली तेव्हा कॅम्प यांनी माजी खेळाडूंकडून मते मागवली आणि १८९४ मध्ये ती पुस्तकरूपाने छापली. सूर एकच, खेळ हितकारक. आजचा संशोधक इथेच थांबवेल. ज्यांना खेळ मानवला तेच हौसेने उत्तर देणार. मेलेल्यांचे पत्र येत नाही.

१९०५ च्या हंगामात वृत्तपत्रांनी १८ च्या आसपास मृत्यू मोजले. त्याच ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी येल, हार्वर्ड आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावले होते. त्यांत कॅम्पही होते. १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकण्याची मुभा मिळाली, घोळके सैल पडू लागले. कॅम्प यांना मात्र ती फारशी रुचली नव्हती. ५ ऐवजी १० यार्डांची अट पुरेशी, असे त्यांचे मत. ती अटही लागू झाली. मृत्यू मात्र लगेच थांबले नाहीत.

पहिल्या महायुद्धात नौदलातील तरुणांसाठी त्यांनी १२ सोप्या हालचाली बसवल्या, ‘डेली डझन’. हात, मान, कंबर, धड. साधन काही नको, १० मिनिटे पुरेत. व्यायामाने माणूस थकू नये, ताजा व्हावा, हा त्यामागचा विचार. पुढे त्याच्या ग्रामोफोन तबकड्या निघाल्या आणि घरोघरी लोक त्या तालावर वाकू लागले.

मार्च १९२५ मध्ये न्यू यॉर्कला नियम समितीची बैठक सुरू होती. सकाळी कॅम्प आले नाहीत म्हणून सहकारी हॉटेलच्या खोलीवर गेले. रात्री झोपेतच त्यांचे निधन झाले होते.