मोडलेल्या हाताचा विश्वविजेता

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा काका, असं संपादक मंडळातल्या मुलांनी सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं असेल की मी व्याजदरावर किंवा सिंकिंग फंडावर लिहीन. पण मी लिहिणार आहे व्हिक्टर बार्नाबद्दल. हे कोण, असं पुष्कळ जण विचारतील. आपल्या हॉलमध्ये भिंतीला टेकवून ठेवलेलं जे टेबल टेनिसचं टेबल आहे ना, ज्यावर सध्या प्लास्टिकच्या खुर्च्या रचलेल्या असतात, त्या टेबलाचा हा जुना राजा.

मी हे नाव पहिल्यांदा गडचिरोलीला ऐकलं. जिल्हा नवीन होता (१९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा झाला), करमणुकीचं साधन काही नाही, आणि पावसाळ्यात नाल्याला पूर आला की रस्ते बंद. संध्याकाळी आम्ही बँकेतले, तहसीलमधले, वनखात्यातले आठ-दहा जण एका हॉलमध्ये टीटी खेळायचो. आमच्यातल्या एका वयस्क साहेबांकडे बारीक दाण्यांच्या रबराची जुनी बॅट होती. तिच्यावर बार्नाचं नाव छापलेलं. ती ते कुणाला हात लावू देत नसत. लाइट गेली की कंदिलाच्या उजेडात त्यांनीच आम्हाला बार्नाची गोष्ट सांगितली. पुढे मी जमेल तेवढं वाचत गेलो.

बार्नाचा जन्म २४ ऑगस्ट १९११ रोजी हंगेरीतल्या बुडापेस्टचा, ज्यू घरातला. मूळ आडनाव ब्राउन. त्या काळी या खेळात हंगेरीचा दबदबा होता. १९२९ साली बुडापेस्टलाच विश्वस्पर्धा झाली, तेव्हा हा अवघा सतरा वर्षांचा. पण सांघिक आणि दुहेरी अशी दोन अजिंक्यपदं त्यानं घरच्या मैदानावर मिळवली. दुहेरीतला जोडीदार मिक्लोश साबादोश. पुढच्याच वर्षी एकेरीचाही विश्वविजेता. १९३१ ला अंतिम फेरीत याच साबादोशनं त्याला हरवलं. पण दोघांची जोडी काही तुटली नाही. आपल्याकडे एक मॅच हरल्यावर महिनाभर न बोलणारे मी पाहिले आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

मग १९३२, ३३, ३४ आणि ३५ अशी लागोपाठ चार वर्षं एकेरीचा विजेता बार्नाच. त्या काळात खेळाची पद्धत अशी की चेंडू नुसता परतवत राहायचा आणि समोरच्याच्या चुकीची वाट पाहायची. जाळीही आजच्यापेक्षा उंच, पावणेसात इंच. त्यामुळे मारायला अवघड. १९३६ ला प्रागमध्ये तर दोन बचावपटूंचा एकच गुण दोन तासांहून जास्त चालला! त्यानंतर जाळी सहा इंचांवर आणली. बार्ना मात्र त्या उंच जाळीवरूनही हल्ला करायचा. त्याचा बॅकहँड फ्लिक, म्हणजे मनगटाच्या झटक्यानं मारलेला फटका, जगभर गाजला.

१९३५ ची स्पर्धा लंडनला वेम्बलीत झाली. एकेरी, दुहेरी, मिश्र दुहेरी आणि सांघिक, चारही अजिंक्यपदं बार्नानं घेतली. वय तेवीस. आणि त्यानंतर काही महिन्यांतच फ्रान्समध्ये मोटारीला अपघात होऊन त्याचा उजवा हात मोडला. खेळायचा हात. आत धातूची पट्टी बसवावी लागली.

एकेरीचं विश्वविजेतेपद त्याला परत कधीच मिळालं नाही. मला बार्ना खरा भावतो तो इथून पुढे. हात पूर्वीसारखा नाही हे कळल्यावर त्यानं बॅट खाली ठेवली नाही, खेळायची रीत बदलली. १९३८ ला हंगेरीच्या विजेत्या संघात तो होता. १९३९ ला कैरोत रिचर्ड बर्गमनबरोबर दुहेरी जिंकली. एकूण बावीस विश्व अजिंक्यपदं: एकेरीची पाच, दुहेरीची आठ, मिश्र दुहेरीची दोन आणि संघाबरोबर सात.

महायुद्धात तो ब्रिटिश सैन्यात गेला, छत्रीधारी सैनिक म्हणून. युद्धानंतर इंग्लंडमध्येच राहिला, देशोदेशी प्रदर्शनीय सामने खेळला. १९५४ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, लंडनच्या विश्वस्पर्धेत त्यानं दुहेरीची अंतिम फेरी गाठली. डनलॉप कंपनीनं त्याच्या नावाच्या बॅटी काढल्या आणि तो कंपनीचा प्रतिनिधी म्हणून जगभर फिरला. अशाच एका दौऱ्यात, पेरू देशातल्या लिमा इथं, फेब्रुवारी १९७२ मध्ये हृदयविकारानं त्याचं निधन झालं.

आपल्या देशानं त्याला विसरू दिलेलं नाही. राष्ट्रीय स्पर्धेत राज्याराज्यांच्या पुरुष संघांमध्ये जो करंडक असतो, त्याचं नाव बार्ना-बेलक करंडक. लास्लो बेलक हा त्याचा हंगेरीतलाच सहकारी. आणि १९५२ साली विश्वस्पर्धा आशियात पहिल्यांदा आली ती मुंबईला, ब्रेबॉर्न स्टेडियमवर. तिथं जपानच्या हिरोजी सातोनं जाड स्पंजच्या बॅटनं सगळ्यांना चकित केलं. दाण्यांच्या रबराचा टक-टक आवाज, ज्यावर बार्नाच्या पिढीचे कान तयार झाले होते, तो त्या स्पंजनं काढून घेतला. खेळ बदलला. पुढे चेंडू ३८ वरून ४० मिलिमीटरचा झाला, एकवीसचा गेम अकराचा झाला.

आता आपल्या टेबलाकडे येतो. मागच्या वार्षिक सभेत ते विकून हॉल मोकळा करावा असा विषय निघाला. मुलं मोबाइलवर असतात, खेळतं कोण, असं म्हणणं होतं. खोटं नाही. मीसुद्धा सात वर्षांपूर्वी पाय घसरून पडलो, उजवा खांदा गेला आणि खेळ बंद केला. सभेत मी गप्प बसलो, कारण स्वतः न खेळणाऱ्यानं कोणत्या तोंडानं बोलायचं?

पण या लेखासाठी बार्नाची सगळी वर्षं पुन्हा लिहून काढली आणि मला माझीच लाज वाटली. त्याचा हात तेविसाव्या वर्षी मोडला. माझा सत्तरीच्या आसपास, तोही स्मॅश मारण्यापुरताच गेलाय. सर्व्हिस करता येते, चॉप करता येतो, डबल्समध्ये अर्धं टेबल सांभाळता येतं. आपल्या चंद्रपूरच्या मे महिन्यात बाहेर पाऊल टाकवत नाही, तेव्हा घराजवळ सावलीत खेळायला याहून बरा खेळ कुठला? अडचण एकच, पंखा बंद ठेवावा लागतो. पावणेतीन ग्रॅमचा चेंडू, वाऱ्यानं भरकटतो. घाम येईल. येऊ द्या.

व्यवस्थापन समितीला विनंती की टेबलाचा विषय एक वर्ष पुढे ढकलावा. येत्या सोमवारपासून रोज संध्याकाळी सहा वाजता मी खुर्च्या उतरवून ठेवीन. जाळी नवीन लागेल, ती मी आणतो. समोर उभं राहायला कुणीतरी या म्हणजे झालं.