शेतकऱ्याच्या घरातला अर्थमंत्री आणि शेतीवरच्या कराचा वाद

कराड : प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. संरक्षणमंत्री, गृहमंत्री, उपपंतप्रधान ही त्यांची पदं शाळेतल्या पोरांनाही पाठ असतात. पण 1970 ते 1974 या काळात ते देशाचे अर्थमंत्री होते आणि शेतीच्या उत्पन्नावर कर लावावा का, हा सगळ्यात अवघड प्रश्न त्यांच्याच टेबलावर येऊन पडला होता, हे आपल्या भागात फार कमी बोललं जातं.

यशवंतरावांचा जन्म 12 मार्च 1913 चा. देवराष्ट्रे हे त्यांचं आजोळ, आता सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात येतं. वडील बळवंतराव कोर्टात बेलिफ होते, प्लेगच्या साथीत गेले. आई विठाबाईंनी पोरं वाढवली. जमीन थोडी, खाणारी तोंडं जास्त. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये, 1932 साली तुरुंगवास, मग कोल्हापूरला राजाराम कॉलेज आणि पुण्याला वकिली. 1942 ला भूमिगत झाले, 1946 ला आमदार. पुढचा प्रवास सगळ्यांना माहीत आहे.

शेतीला सरकारनं हात द्यायचा, हे त्यांचं मत मुख्यमंत्री असतानाच दिसलं. सहकारी साखर कारखाना उभा करायचा तर शेतकऱ्यांनी शेअर गोळा करायचे, काही भांडवल सरकारनं घालायचं आणि कर्जाला हमी द्यायची, ही पद्धत त्यांच्या काळात राज्यभर रुजली. महाराष्ट्राचा सहकारी संस्था कायदा 1960 चा. पण हात देणारं सरकार काढूनही घेऊ शकतं. 1961 च्या कमाल जमीनधारणा कायद्यात बारमाही बागायतीला 18 एकरांची मर्यादा आली, आणि त्यातून खासगी साखर कारखान्यांच्या हजारो एकरांनाही सोडलं नाही. कारखानदारांचा विरोध मोठा होता. मोठ्या बागायतदारांनाही हे रुचणारं नव्हतं, आणि तेच काँग्रेसचा कणा होते. तरी कायदा झाला. त्यातून पळवाटा किती निघाल्या, किती जमिनी नात्यागोत्यात वाटून कागदावर बसवल्या, ते गावोगावच्या सातबाऱ्यांना ठाऊक आहे.

1962 च्या चीन युद्धात ते दिल्लीला गेले. 1970 च्या जूनमध्ये अर्थखातं मिळालं. बँकांचं राष्ट्रीयीकरण नुकतंच, 1969 ला झालेलं. बँका सरकारच्या झाल्या, पण गरिबाला दारात कोण उभं करणार? 1972 साली अगदी गरिबांसाठी फक्त 4 टक्के व्याजाची योजना आली. बागायत एक एकरावर नाही किंवा जिरायत अडीच एकरावर नाही, अशा माणसासाठी ती होती. रक्कम छोटी असायची, पण सावकाराच्या व्याजाशी तुलना केली तर फरक कळतो.

खरा पेच मात्र पुढेच होता. हरित क्रांतीनं पंजाब-हरियाणात गव्हाचे ढीग लागले, आपल्याकडे ऊसवाल्याच्या हातात पैसा आला. शहरातला नोकरदार म्हणू लागला, आम्ही कर भरायचा आणि शेतात लाखो कमावणाऱ्यानं एक पैसा द्यायचा नाही, हे कसं? काळ्या पैशावरच्या वांच्छू समितीनं तर दाखवून दिलं, की धंद्यातला पैसा शेतीचं उत्पन्न म्हणून दाखवून कर चुकवला जातो. उलट बाजू अशी, की शेतीत पाऊस, भाव, रोग काहीच हातात नाही. कारखान्याच्या नफ्यासारखा हिशेब शेताचा कसा लावणार? आणि एकदा कर आला की तो बड्यांवर थांबेल, याची खात्री कोण देणार? ही भीती खोटी नव्हती.

त्यात घटनेची अडचण होती. शेती उत्पन्नावर कर लावायचा हक्क राज्यांचा, केंद्राचा नाही. फेब्रुवारी 1972 मध्ये अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज यांची समिती नेमली गेली. त्यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अहवाल दिला. जमिनीचं उत्पन्न ठरवून मोठ्या धारकांवर कर लावा, अशी त्यांची मुख्य शिफारस होती. राज्यांनी ती बासनात बांधून ठेवली. मतं कुणाला गमवायची होती?

तेव्हा यशवंतरावांनी दुसरी वाट धरली, तीही समितीच्याच अहवालातली. 28 फेब्रुवारी 1973 च्या अर्थसंकल्पात त्यांनी शेतीच्या उत्पन्नावर थेट कर लावला नाही. पण ज्याला शेतीही आहे आणि नोकरी-धंदाही आहे, त्याच्या दुसऱ्या उत्पन्नावरचा दर ठरवताना शेतीची कमाई जमेला धरायची, असं ठरवलं. समजा एखाद्या मास्तरांचा पगार आणि उसाचा पैसा दोन्ही आहेत. उसाच्या पैशावर कर नाही, पण तो खालच्या पायऱ्या अडवून बसतो आणि पगार वरच्या पायरीवर, म्हणजे जास्त दरात जातो. नुसतं शेतावर जगणाऱ्याला एक रुपयाही लागत नाही.

तो अर्थसंकल्प 550 कोटींच्या तुटीमुळे काळा अर्थसंकल्प म्हणून बदनाम झाला. महाराष्ट्रात 1972 चा दुष्काळ चालू होता, लोक खडी फोडत होते. गव्हाचा घाऊक व्यापार सरकारनं हाती घेतला, तो डाव वर्षभरात उलटला. या गोंधळात शेती उत्पन्नाची ही छोटी तरतूद कुणाच्या फारशी ध्यानात राहिली नाही.

तिच्यावर टीका दोन्हीकडून करता येते. शहरवाल्याच्या नजरेत ती अर्धवट, कारण शेकडो एकरांचा मालक दुसरं उत्पन्न नसेल तर सुटतोच. शेतकऱ्याच्या नजरेत ती केंद्राचा पाय दारात शिरल्यासारखी. पण लहान शेतकऱ्याला हात न लावता, घटनेच्या चौकटीत राहून, दुहेरी उत्पन्नवाल्याला गाठायचं तर याहून फार वेगळं काही करता आलं असतं, असं वाटत नाही. राज्यांच्या हक्कात घुसखोरी करायचा त्यांचा स्वभावच नव्हता.

यशवंतराव 25 नोव्हेंबर 1984 ला दिल्लीत गेले, अंत्यसंस्कार कराडला झाले. त्यांची तरतूद मात्र अजून चालू आहे. शेतीचं निव्वळ उत्पन्न 5,000 रुपयांवर आणि बाकीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर जुन्या पद्धतीत आणि नव्या पद्धतीतही हाच हिशेब लागतो. दुधाचा आणि कोंबड्यांचा पैसा मात्र शेतीचं उत्पन्न धरला जात नाही. रिटर्न भरताना इथं पुष्कळ जण चुकतात.